जोडीनं बसणारं प्रथिन

ताईस,
धाकट्याचा नमस्कार आणि लांबूनच एक चिमटा.

जेवण वेळेवर होतं, काळजी नको. प्रयोगशाळेत काचसामान धुताना कान उघडे ठेवतो. जिवाणूत एक प्रथिन असतं. ते डीएनएचा धागा चाचपत जातं, ओळखीचं वळण लागलं की तिथंच बसतं आणि विष बनवणारी जनुकं गप्प करतं. मात्र एकटं बसलं तर घसरतं, जोडीनंच टिकतं.

हे समजावणाऱ्या संशोधक मुलीला मी तिथल्या तिथे विचारलं, "मग आपलं काय?"

"आधी ते भांडून सोडलेलं कॉलेज पुरं कर," ती हसत म्हणाली.

माझं डोकं तुला ठाऊकच आहे, पण तापलं नाही. सोमवारी पुन्हा प्रवेश घेतला.

बाबांचा माझ्याशी अबोला अजून आहे का? त्यांना प्रवेशाचं तेवढं सांग. त्या मुलीचं निकालानंतर मीच सांगेन.

तुझा,
सध्या बिनविषारी भाऊ