झाकणावरचा टिळा

बाबा, आज खंडेनवमी. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी दर वर्षी या दिवशी मला तुमचा राग येतो. इतकं सरळ वागायची काही गरज होती का?

त्या वर्षी तुम्ही हळद-कुंकवाची डबी खिशात घालून दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोने नोएडाला आलात, माझ्या यंत्राची पूजा करायला. आमच्या प्रयोगशाळेच्या गेटवरचा गार्ड म्हणाला, "अंकल, विश्वकर्मा पूजा तो कब की हो गई." तुम्ही म्हणालात, "वो आपकी थी, ये हमारी है." मग मी तुम्हाला ते ट्रकच्या टायरएवढं पोलादी कडं दाखवलं. आत वायू तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा, चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही. विरळ झाला तर निरुपयोगी, फार दाट झाला तर थंडावून क्षणात विझतो. तुम्ही मन लावून ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे गर्दी हवी, पण कुणी भिंतीला टेकायचं नाही. आमच्या मंत्रालयात गर्दी नव्हती आणि सगळे टेकलेले." मी चहा आणायला गेले, तेवढ्यात तुम्ही टेबलावर काढून ठेवलेल्या त्याच्या झाकणाला टिळा लावलात.

पुढचा महिनाभर यंत्राने आमचा छळ मांडला. वायूचा पुरवठा बंद केला तरी आतली घनता आपली वाढतेच आहे, प्लाझ्मा लुकलुकतो आणि विझतो. म्हणजे आत कुठेतरी घाण लागलीय, तापली की तिच्यातून वायू सुटतोय. तपासणी समिती यायची होती, आणि आमच्या मॅडमनी बजावलं होतं की ज्याची चूक निघेल तो या प्रकल्पातून बाहेर. हे मी जेवताना बोलले आणि तुमचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मॅडमसमोर उभे, हातात त्या टिळ्याचा लेखी खुलासा, तीन प्रतींत! 'सेवा में, महोदया' पासून 'क्षमाप्रार्थी' पर्यंत, खाली सही आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दा. मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "अंकल, इतना ईमानदार आदमी तो मेरे स्टाफ में भी नहीं है." मी शेजारीच उभी होते.

बाबा, तुमचा टिळा झाकणाच्या बाहेरच्या बाजूला होता. बाहेर काहीही फासलं तरी आतल्या प्लाझ्माला त्याचा पत्ता लागत नाही. झाकण मीच बसवलं होतं, टिळ्यावरून फॉइलही मीच गुंडाळलं होतं, तेव्हा मला ते पहिल्यापासून माहीत होतं. खुलासा झाल्यावर मी एकटीने झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला अख्खा तेलकट पंजा, माझा. तुम्ही आणलेल्या चकल्या खाऊन, हातमोजे न घालता मी ते उचललं होतं. दोन्ही बाजू पुसल्या आणि बाहेर येऊन सांगितलं, "कुंकूच होतं." त्यानंतर यंत्र शहाण्यासारखं चालायला लागलं आणि माझी नोकरीही.

पुढच्या वर्षी तुम्ही स्कूटरला कुंकू लावलं नाहीत. आईला लावायला सांगून स्वतः जिन्यात उभे राहिलात, हात मागे बांधून. "माझा हात यंत्रांना सोसत नाही," म्हणालात. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन उगाच टीव्ही लावला. नंतर तीन खंडेनवम्या तुम्ही होतात, तशाच लांब उभं राहून काढलेल्या. मला एक वाक्य बोलायचं होतं.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, असं मी स्वतःला सांगते. पण खरं सांगू? तुम्ही द्वारकेच्या घरी असतात, तरी मी ते टाकलं नसतं.