कोळणीची हनुवटी

४ मार्च १८१४
झाली एकदाची नोट कोरून! एका पौंडाची. डावीकडे थिसलचं काटेरी फूल – हात लावाल तर रक्त काढू, हा आमचा स्कॉटिश बाणा. उजवीकडे जहाज. मधोमध पाठीवर टोपली घेतलेली कोळीण. बँकेचे प्रिंगलसाहेब खूश – "ही म्हणजे साक्षात स्कॉटलंड!" स्कॉटलंड कसलं, आमची आई ती! फक्त हनुवटीवरचा व्रण नाही कोरला. बापाच्या माराची खूण, असं अख्खं लीथ बंदर म्हणायचं.

५ मार्च
निनियननं नोट पाहिली. माझा धाकटा भाऊ. शेजारच्याच बाकावर छपाईचे तांब्याचे पत्रे कोरतो. "आईची हनुवटी गुळगुळीत केलीस? लाज वाटली होय रे?" मी कानफटात वाजवली. त्यानं कोरणी माझ्या तळव्यात आरपार घातली. मग मी त्याचं डोकं छापयंत्रावर आपटलं – दोनदा! दात पडले. तरी मेला हसतच होता. टोपी उचलली नि गेला.

२० मार्च
हात सुजलाय. त्याचा पत्ता नाही.

११ जून
बाजारात खोट्या नोटा! प्रिंगलसाहेबांनी एक समोर टाकली. फुलाचे काटे बरोबर, जहाजाची दोरी न् दोरी बरोबर. आणि कोळणीच्या हनुवटीवर – व्रण!

निनियनच! अरे गाढवा, नक्कल तरी धड करायचीस! पण त्याला तो चेहरा व्रणाशिवाय कोरताच येत नाही. "कुणाचा हात हा?" साहेबांनी विचारलं. "माहीत नाही," म्हणालो.

१४ जून
लॉनमार्केटच्या चौकात एकाला फाशी दिली. खोट्या नोटांपायीच. बराच वेळ पाय झाडत होता. लोक चिखल फेकत होते. घरी येऊन ओकलो.

१७ जून
निनियनला धरलं. शिपायांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून मोडली. तरी कबूल झाला नाही. प्रिंगलसाहेब म्हणाले, "उद्या कोर्टात एवढंच सांगा, हात त्याचा. पुढचं फाशीवाला बघेल."

१८ जून, सकाळ
तो व्रण बापानं केलेला नाही. चुलीवरचा चिमटा मी फेकला होता – निनियनवर. आई मध्ये आली. त्यानं हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

दहाला कोर्ट. सांगणार आहे – हात माझा.