मंगळावरचे फरारी आणि पितृपक्ष

१२ सप्टेंबर १९९९
निश्चय. कादंबरी दसऱ्याच्या आत संपवायची. 'मंगळावरचे फरारी', कुमार वाचकांसाठी विज्ञान कादंबरी. सन २४७५. मंगळावर परवानगीशिवाय प्रेम करायला बंदी. ओम आणि निकिता करतात. म्हणून फरारी. मराठीत असं कोणी लिहिलेलं नाही अशी माझी खात्री आहे. (मी फारसं वाचत नाही. दुसऱ्यांचा प्रभाव पडतो.)

शेवटच्या प्रकरणात ओम निकिताला जे विचारतो, तेच मला साधनाला विचारायचंय. कादंबरी तीच टाईप करते. करता करता तिला आपोआप कळेल. समोर उभं राहून बोलायची वेळच येणार नाही. प्लॅनमध्ये खोट काढायला जागा नाही.

१५ सप्टेंबर
गंगापूर रोडला साधनाच्या वडिलांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान. प्रकरण सात तिला टाईपिंगला दिलं. तिने विचारलं, सहा प्रकरणं झाली, ओमने निकिताचा हात अजून का धरला नाही? मी म्हणालो, कुमारांसाठी आहे. शिवाय प्रकरण चारमध्ये वजनरहित अवस्थेत चुकून लागलाय. ती हसली. मला 'यादवदादा' म्हणते. शेजारी वडील बसलेले, दुसरं काय म्हणणार? राखीपौर्णिमेला मी खबरदारी म्हणून आजारी होतो.

शेखर आला होता. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सन दोन हजार लागल्यावर मशीन बंद पडू नये म्हणून वायटूकेची तपासणी म्हणे. या आठवड्यात चौथ्यांदा. मशीन तर व्यवस्थित चालू होतं. बिचाऱ्याला दुसरीकडे काम नसावं.

१९ सप्टेंबर
लेखन नाही. आई म्हणाली, लय झालं तुझं मंगळाचं, झेंडू कोण तोडील? अण्णांनी फवारणीचा पंप आणून सरळ माझ्या पाठीवर अडकवला. उद्यापासून पहाटे पाचला उठून दोन तास लिहिणार.

२० सप्टेंबर
साडेआठला उठलो.

२३ सप्टेंबर, दुपार
घात झाला. साधनाला कळवणचं स्थळ आलंय. मुलाचं खताचं दुकान आहे. वडिलांना पसंत. पितृपक्ष लागतोय म्हणून पुढची बोलणी थांबलीत. घटस्थापना झाली की सुपारी फुटणार. घटस्थापना दहा ऑक्टोबरला. संपलं सगळं. जेवण गेलं नाही.
रात्री थोडं गेलं.

२७ सप्टेंबर
शांत डोक्याने विचार केला. पितृपक्षात कोणी सुपारी फोडत नाही, म्हणजे दोन आठवडे हातात आहेत. प्रकरण नऊ लिहून काढलं. पोलीस यान मागावर. ओम-निकिता गुहेत. त्यांचं यान तयार, इंधन भरलेलं. पण ओम म्हणतो, पृथ्वीवर पितर चाललेत, अशात निघणं बरं नाही. घटस्थापनेपर्यंत थांबू. थांबतात. जबरदस्त सस्पेन्स.

२९ सप्टेंबर
साधना टाईप करता करता थांबली. म्हणाली, फरारी माणसं पंचांग बघतात का? मी म्हणालो, गुन्हेगार असले तरी चांगल्या घरचे आहेत. ती म्हणाली, दादा, पळायचं तर पितृपक्षातच पळावं. या दिवसांत कोणी लग्न करेल असा संशयसुद्धा कोणाला येत नाही. शेखर मान हलवत होता. याला साहित्यातलं काय कळतं?

परत येताना मखमलाबादच्या रस्त्यावर सायकल एकदम थांबवली. ती कादंबरीबद्दल बोलतच नव्हती!

३० सप्टेंबर
झोप नाही. ती तयार आहे. मी? अण्णा तंगडं मोडतील. घरात पितरांना घास टाकायचा आणि मुलगा लग्न करून दारात. आई काय म्हणेल? नको. प्रकरण नऊ आहे तसंच राहील. लेखकाने वाचकांच्या दबावाला बळी पडू नये.

३ ऑक्टोबर
आज तिच्याशी स्पष्ट बोलायला गेलो. वडील समोरच. एक झेरॉक्स काढून घेतली, कोऱ्या कागदाची. परत आलो. मी भित्रा आहे का? नाही. वेळ योग्य नव्हती. पण दिवस संपत चाललेत.

५ ऑक्टोबर
तिनेच विचारलं! वडील जेवायला गेलेले. म्हणाली, गुरुवारी अकराला रजिस्ट्रार ऑफिसला या. रेशनकार्ड आणा, इस्त्रीचा शर्ट घाला, कोणाला बोलू नका. तुमच्याशिवाय होणार नाही दादा. मी लगेच हो म्हणालो.

प्रकरण नऊ फाडून टाकलं. ओम-निकिता ताबडतोब उड्डाण करतात.

७ ऑक्टोबर, सकाळ
रेशनकार्ड कशाला, आईने विचारलं. रॉकेल, मी म्हणालो. मळ्यातल्या शेवंतीचे दोन हार गुपचूप केले. ओल्या फडक्यात गुंडाळले. आई चुलीपाशी वडे तळत होती, पितरांसाठी. तिच्याकडे बघवेना. आई, माफ कर. मी आजपासून फरारी.

७ ऑक्टोबर, संध्याकाळ
शेखर तिथे होता. मला वाटलं, इथलाही कॉम्प्युटर बिघडला.

लग्नाची नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते. मला माहीत नव्हतं. त्या दोघांनी ऑगस्टमध्येच दिली होती. शेखर साधनाच्या जातीतला नाही, वडील जन्मात हो म्हणाले नसते. साक्षीदार तीन लागतात. छाया म्हणून तिची मैत्रीण आली होती, शेखरचा एक मित्र होता. तिसरा मी.

हार आणायचे ते विसरले होते. साधनाला वाटलं, मी त्यांच्यासाठीच आणलेत. म्हणाली, दादा, तुम्हाला सगळं कसं सुचतं हो! मी हसलो. सही केली. दुपारच्या गाडीने ते इगतपुरीला गेले, शेखरच्या मामांच्या रेल्वे क्वार्टरवर. चार दिवस कुठे बोलू नका म्हणाली.

सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. चाकांत हवा होती. फार वाईट वाटतंय. दुसरं काही लिहिता येत नाही.

८ ऑक्टोबर
साधनाचे वडील मळ्यावर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. पोरगी काल सकाळपासून घरी नाही म्हणाले. आई घाबरली. आमच्या पोरानं काय केलं व, म्हणाली.

मी पुढे झालो. का कोण जाणे, बरं वाटत होतं. पोलिसात नेलं तरी इगतपुरीचं नाव काढायचं नाही. मार खायचा. छाती काढून म्हणालो, काका, तुमचा माझ्यावर संशय असणं साहजिक आहे.

ते म्हणाले, तुझ्यावर? नाही रे बाबा. दुकानात तू असलास की मी निर्धास्त जेवायला जायचो.

आईने त्यांना चहा दिला.