दहा मिनिटांची बारा मिनिटं

विलेपार्ले पूर्व,
१८ जानेवारी २०२५

प्रिय गंधाली,

मी बरी आहे, गुडघे नाहीत. तुझी साखर कशी आहे? फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो दिसेनासा झालाय. म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, एवढं मलाही कळतं. म्हणून हे पत्र. तेही मराठीत, शाळेतल्या सिस्टरनी पट्टी उगारली असती.

काम आहे. दोन मार्चला मधुकरचं वर्षश्राद्ध. निहार टोरांटोहून येतोय. त्याला त्याच्या बाबांच्या पंचाहत्तरीला येता आलं नव्हतं, म्हणून मी त्या दिवसाची फिल्म तयार करतेय. स्वतः. हसू नकोस. चौतीस वर्षं शिपिंग कंपनीत साहेबांचं इंग्रजी दुरुस्त केलं, आता एक सॉफ्टवेअर काय मला शिकवणार? तर शिकवलं मेल्यानं.

दोन क्लिपा आहेत. एक त्या फोटोग्राफरची, ज्यानं पैसे घेऊन अर्धा वेळ जिलब्यांचं शूटिंग केलं. दुसरी तुझ्या फोनवरची, दहा मिनिटांची, तू त्याच संध्याकाळी पाठवलेली. त्याचा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो, तुझा फोन तीस. दोन्ही शेजारी ठेवल्या की तुझी अडखळत चाले. यूट्यूबवरच्या एका दीडशहाण्यानं सांगितलं, क्लिपच्या माहितीत जाऊन तीसचे पंचवीस करा. केले. चित्र ताणलं गेलं, दहा मिनिटांची बारा मिनिटं झाली. आवाज मात्र दहालाच संपला.

म्हणजे शेवटची दोन मिनिटं मधुकर नुसते ओठ हलवतोय. सावकाश, कंबरभर पाण्यातून चालल्यासारखा फोनच्या दिशेनं येतो आणि काहीतरी बोलतो. तीन दिवस मी तेवढंच बघत बसले. चूक दुरुस्त कशी करायची ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तो दोन मिनिटं जास्त मिळत होता, गंधाली. परत द्यायचं जीवावर आलं. घरात दुसरं कोण बोलतंय? दूधवाला पिशवी अडकवून जातो, बेलसुद्धा वाजवत नाही.

आणखी एक झालं. चौथ्या मिनिटाला एक आवाज येतो, "तू नको गं, तू शूटिंग कर. हे सवाष्णींचं आहे." चित्रात तेव्हा मी औक्षणाच्या तबकातली सुपारी नीट ठेवतेय, ओठ मिटलेले, हसरी. मी स्वतःला सांगितलं, ही मी नव्हेच. तिथे आणखी चार बायका होत्या, त्यातली कुणीतरी असेल.

काल पंचवीसचे पुन्हा तीस केले. दहा मिनिटांची दहा झाली. चौथ्या मिनिटाला माझेच ओठ हलले. अक्षर न् अक्षर जुळलं.

चंद्रप्रकाशला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुझ्या घरी तुझा नवरा गेला म्हणून माझ्या घरी माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातात तबक द्यायचं नाही, हे मला कोणत्या कॉन्व्हेंटनं शिकवलं? आणि तू न जेवता मुलुंडला निघून गेलीस, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, तिला मुळी राग नाकावर.

आता हे आठवायचं कारण. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या निधीचं डोहाळजेवण होतं. मी नारळ, खण घेऊन गेले. ओटी भरायला उठले, तर तिच्या सासूनं नारळ हळूच बाजूला ठेवला आणि माझ्या हातात फोन दिला. "मृणालिनीताई, तुम्ही जरा शूटिंग कराल ना? तुमचा हात स्थिर आहे." मी केलं. पूर्ण बावीस मिनिटं. घरी आले आणि तुझी क्लिप शोधून काढली, पण बघायचा धीर झाला नाही. फिल्म वगैरे नंतर सुचलं.

मधुकर शेवटी काय म्हणतो, ते आता त्याच्या ओठांशी जुळलंय; आधी ते वाक्य दुसऱ्याच चित्रावर वाजून जायचं. तुला ते आठवत असेलच. "गंधाली, दे तो फोन इकडे. सगळ्यांचे फोटो झाले, तुझाच राहिला." मग चित्र हलतं, छताचा पंखा दिसतो, आणि संपतं. त्यानं ऐकलं होतं. मी बोलले ते त्यानं ऐकलं होतं, आणि नंतरच्या चार महिन्यांत, जाईपर्यंत, मला एका शब्दानं बोलला नाही. बोलायला हवं होतं त्या माणसानं.

मूळ फाइल पाठव, व्हॉट्सअ‍ॅपनं चित्र फिकट केलंय, असं लिहायचं ठरवून बसले होते. नको ती फाइल. जुळलंय सगळं.

पाच मार्चला निहारचा वाढदिवस आहे. निरांजनाची वात वळून ठेवते. आधी मावशीनं ओवाळायचं, मग आईनं. कुणी नाक मुरडलं तर जिना कुठे आहे ते मी दाखवीन. तू आली नाहीस तर वात तशीच राहील, मी एकटी लावणार नाही.

फोन मुलुंडलाच ठेवून ये.

जिनं ते वाक्य म्हटलं तीच,
तुझी ताई