दोघींना सारखंच

रवि. १२ जाने.

मृणाल ठीक आहे. हे आधी लिहून ठेवतो, बाकी मागाहून.
काल दुपारी सिझर झालं, आठ आठवडे आधीच. मुली. थोरली एक किलो सातशे, धाकटी एक किलो दीडशे. दोघी काचेच्या पेटीत. थो. आपली आपण श्वास घेते, धा. मशीनवर. पेट्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, बेबी १ आणि बेबी २. आमच्या स्टोअरमधल्या खोक्यांवर याहून जास्त माहिती असते.
आईचा चिपळूणहून फोन. नाव आत्ता ठेवायचं नाही म्हणाली, दोघी एका पाळण्यात आल्या की मग बारसं. मृ.चंही तेच म्हणणं. बरंच झालं, मला कुठे काही सुचत होतं.

सोम. १३ जाने.

मृ. उठून बसली. पेज प्यायली, माझ्या दाढीवरून बोलली. जीव भांड्यात पडला.
पुढचं लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. थो.च्या पेटीपाशी वीस मिनिटं उभा होतो. धा.कडे गेलो नाही. तीन पावलांवर आहे. एवढ्याशा तोंडात नळी, छाती हलते ती मशीनमुळे. नाही बघवत. मृ.ने विचारलं, धाकटी कशी दिसते? म्हटलं, तुझ्यासारखी.

बुध. १५ जाने.

कामावर गेलो. घरी एकटं बसण्यापेक्षा शुवैखचं स्टोअर बरं.
आणि तिथे शिजाने तोंड सोडलं. शिजा म्हणजे आमचा फोर्कलिफ्टवाला. पन्नाशी ओलांडलेला, चौदा वर्षं इथे कुवेतमध्ये, हिंदी माझ्याहून चांगली. मी त्याला इतके दिवस केनियाचा समजत होतो. टांझानियाचा निघाला. जुळ्या झाल्या हे ऐकल्यावर गाडी बंद करून खाली उतरला, दोनदा हळूच टाळी वाजवली आणि सगळ्यांसमोर सुरू झाला. एका वेळी दोन, तू काय बकरी आहेस का? एवढी हाव? हे असलं तोंड, आणि त्याच्या दोन-दोन प्रती काढल्यास? सगळं स्टोअर हसायला लागलं. मी सांगितलं की एक मशीनवर आहे. तरी थांबला नाही. म्हणाला, तिला तुझं तोंड दिसलं असणार, म्हणूनच डोळे उघडत नाही.
हातातला पॅड त्याच्या दिशेने फेकला आणि निघून आलो. लेखी तक्रार टाइप केली. पाठवणार तेवढ्यात फोनची बॅटरी गेली. नाहीतर आज त्याची नोकरी

गुरु. १६ जाने.

धा.चा ऑक्सिजन वाढवला. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस बघू. काय बघायचं ते सांगत नाहीत.
आजही फक्त थो.
शिजाने लांबून टाळी वाजवली. मी मान फिरवली.

शुक्र. १७ जाने.

सुट्टी. दुपारी हॉस्पिटलच्या बाहेरच्या हॉलमध्ये बसलो होतो तर समोर शिजा. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, दोन बस बदलून आलेला. डब्यात वाळवलेल्या रताळ्याच्या फोडी, उकडून दाण्याच्या कुटात घोळलेल्या. गावची पद्धत म्हणाला. भूक नव्हती. अर्धा डबा संपवला.
मग समजावून सांगितलं. तो न्यामवेझी आहे, गाव टबोराच्या बाजूला. त्यांच्यात जुळं झालं की गावच्या बाया-बापे जमून आईबापांना शिव्या घालतात, गाणी म्हणतात, तीही आईसमोर सांगता येऊ नयेत अशी. कौतुक कोणी करत नाही. शिव्या न देता नुसता बघून जातो, त्याचीच भीती. आणि मला शिव्या देण्याचा त्याला खास हक्क आहे म्हणे. त्याचे पूर्वज हस्तिदंत खांद्यावर घेऊन टबोराहून समुद्रापर्यंत चालत जायचे, किनाऱ्यावर आमचे लोक दुकान थाटून बसलेले. असा जुना संबंध आला की थट्टेचं नातं लागतं. मग रागवायचं नाही, आणि अडचण आली की पहिला धावायचं. मी म्हटलं, अरे ते गुजराती होते, आम्ही चिपळूणचे. तो म्हणाला, "मी केनियाचा होतो ना? मग तूही चालशील."

तेव्हाच आठवलं, माझ्या आजोबांचं नाव धोंडू. आधीची दोन मुलं गेली म्हणून यांना दगड म्हणायचं ठरलं, म्हणजे कोणाची नजर लागायला नको. ते ब्याऐंशी वर्षं जगले. त्या नावाचा राग कधी कोणाला आला नाही, आणि मी मात्र बकरी म्हटल्यावर पॅड फेकला. शिजाला सांगितलं तर एकदम खूष. धोंडू, धोंडू, असं घोळवत बसला.
नावं काय ठेवलीस म्हणाला. म्हटलं, आत्ता नाही ठेवायची. तो म्हणे, ठेवायची कशाला, जुळी नाव घेऊनच येतात. पहिलं कुल्वा, दुसरं डोटो. मुलगा असो, मुलगी असो, कोणाच्याही घरी. त्यांच्या पाठचं जे येईल ते शिजा. हा तसाच शिजा झाला, याच्या आधीचे कुल्वा आणि डोटो गावाकडे आहेत, साठीला टेकलेत.
मग विचारलं, डोटो कशी आहे?
म्हटलं, माहीत नाही. मी तिच्याकडे गेलेलो नाही.
पहिल्यांदा त्याचं हसू गेलं. म्हणाला, "कुल्वाला जे देशील ते डोटोला. दोन कणसं, नाहीतर एकही नाही. जिच्यासमोरून तू न बोलता जातोस ती रुसते. रुसलेलं जुळं राहत नाही."
घरी आलो. आज धीर झाला नाही.

शनि. १८ जाने.

गेलो. तीन पावलं.
पेटीच्या भोकातून हात घातला. तिचा तळपाय माझ्या अंगठ्याएवढा. बोट टेकवलं. दुसरं काय बोलावं कळेना, म्हणून "डोटो" म्हटलं. परत म्हटलं. मशीनवरचे आकडे होते तेच राहिले, काही घडलं नाही. मी मात्र हॉलमध्ये येऊन रडलो आणि घरी आल्यावर दोन माणसांचं जेवलो.

मंगळ. २१ जाने.

मृ.ला सगळं सांगितलं, मी आठवडाभर धा.कडे फिरकलो नव्हतो तेसुद्धा. मग म्हणाली, "मला माहीत होतं. माझ्यासारखी दिसते म्हणालास तेव्हाच." पुढे नावांवरून चिडली. बारशाआधी नाव नाही असं ठरलं होतं. मी म्हटलं, हे नाव नाहीच, नंबर आहे. हसली, टाके दुखले, शिव्या दिल्या. न्यामवेझी पद्धतीने झालं सगळं.
आता आम्ही दोघंही कु. आणि डो. म्हणतो. कु. लिहिलं की कुमारी वाटतं. चालेल.

शुक्र. २४ जाने.

नळी निघाली. निघाली. डो. स्वतः श्वास घेते, नाकाला नुसती वारा देणारी नळी. आणि रडली. आवाज बारीक, पण सूर तक्रारीचा, थेट आमच्या घराण्यातला. मल्याळी सिस्टर म्हणाली, फार हट्टी आहे. मी म्हटलं थँक यू.
आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तू जेवलास का?

रवि. २६ जाने.

शिजाला बातमी दिली. म्हणाला, रडली? म्हणजे तुझं तोंड नीट दिसलं तिला. मी सांगितलं, तुझी गाडी चालवणं बघितलंन तर पुन्हा पेटीत जाऊन बसेल. टाळ्या वाजवल्या. शिवी चांगली नव्हती म्हणाला, पण नवीन माणसाला ठीक. सराव कर.
जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावून दिला. आंब्याखाली चटईवर दोन म्हातारे, तेच कुल्वा आणि डोटो. मागे झाडावर सालीचं एक लांब नळकांडं टांगलेलं, ते मधमाश्यांचं घर. त्यांचा बाप मधवाला होता, पोळ्यातला सगळा मध कधी काढायचा नाही, माश्यांपुरता ठेवायचा. त्यांनी टाळी वाजवून "म्वांगालुका" म्हटलं, म्हणजे नमस्कार. मीही म्हटलं, बहुतेक चुकीचं, कारण दोघं खूप हसले. म्हाताऱ्या डोटोने विचारलं, माझी नाववाली खाते का? शिजाने हिंदीत करून सांगितलं. म्हटलं, एका वेळी दहा मिली. तो म्हणाला, मी पण हळूच जेवतो. तेवढ्यात मोठा कोण यावरून त्यांची जुंपली. साठ वर्षांत मिटलं नाही वाटतं.

सोम. ३ फेब्रु.

ऑफिसचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, कागदांसाठी मागे लागलाय. जन्माच्या दाखल्याला नावं पाहिजेत, त्याशिवाय पुढे पासपोर्ट नाही, सिव्हिल आयडी नाही. म्हटलं, थांब. म्हणाला, किती? म्हटलं, पाळण्याएवढं. त्याला अर्थातच काही कळलं नाही.
शिजा हल्ली मला बाबा डोटो म्हणतो. त्यांच्याकडे आईबापाला मुलाच्या नावाने हाक मारतात, पण पहिल्या मुलाच्या. मग मी बाबा कुल्वा ना? तो म्हणे, ते नाव तुझ्या बायकोला दिलंय. आईला आम्ही मामा म्हणतो, म्हणून ती मामा कुल्वा, तू बाबा डोटो. सारखी वाटणी. मृ.ला सांगितलं. म्हणाली, बाळंत होऊन मी मामा झाले.

रवि. १६ फेब्रु.

कु.ला आज घरी सोडलं. दोन किलो शंभर. डो. अजून तिथेच, अधूनमधून श्वास घ्यायला विसरते. मृ. आधी तयारच नव्हती, आणेन तर दोघींना. डॉक्टरांनी समजावलं. शेवटी निघताना डो.च्या पेटीपाशी गेली आणि तिला काहीतरी सांगितलं. मला ऐकू दिलं नाही.
फहाहीलच्या बाजारातून काल दोन पिवळी टोपरी आणली होती. एक कु.ला घातलं, एक सिस्टरने डो.ला. तिचं डोळ्यांपर्यंत येतं.
घरी पाळण्यात मृ.ने कु.ला उजवीकडे ठेवलं. डावीकडे घडी केलेलं दुपटं. तिथे काही ठेवायचं नाही म्हणाली.
शिजा मधाची बाटली देऊन गेला. वर्षभर मुलींना चाटवायचा नाही, हे डॉक्टरांच्याही आधी त्याने बजावलं. आणि तिसऱ्याचं नाव माझं, हे लक्षात ठेव म्हणाला. मृ. आतून ओरडली, तिसरं त्यालाच होऊ दे. शिजा इतका खूष झाला की दारात बसून हसला.

गुरु. २० फेब्रु.

सकाळी सातला फोन. हॉस्पिटलचा लँडलाइन नंबर. मृ. कु.ला पाजत होती, तशीच थांबली. माझ्याकडून हिरवं बटण दोनदा चुकलं.
"डोटो फादर?" सिस्टर म्हणाली.
बेबी टू नाही. डोटो. पेटीवरची चिठ्ठी तिने पंधरवड्यापूर्वीच बदलली होती म्हणे, मी बघितलीच नव्हती.
वजन एक किलो सातशे ऐंशी. रात्री पुन्हा एकदा श्वास विसरली, पण स्वतःच आठवला, कोणी हात लावावा लागला नाही. आता पाच दिवस न विसरता गेले की सोडतील. एक जरी चुकला तरी मोजणी पहिल्यापासून. तोवर कारची सीट आणून दाखवा म्हणाली.
फोन ठेवला आणि जमिनीवरच बसलो. मृ.ला सांगेपर्यंत तिला माझ्या तोंडावरून कळलं होतं. मंदूबचा फॉर्म टेबलावर आहे, नावाच्या दोन्ही चौकटी कोऱ्या. मृ. म्हणते, डो.ला विचारून ठरवू.
दुपारी सीट घेऊन गेलो. टोपरं आता थोडं वर आलंय. म्हटलं, "डोटो, पाळण्यातली डावी बाजू तुझी. धरून ठेवली आहे."
घरी आल्यावर कु.लाही सांगितलं, उजवी तिची.