भूपेंद्रचा ओठ

चिरंजीव पतिराम, मुंबईहून आईचा आशीर्वाद.

तुझ्या पोराचा ऑर्केस्ट्रा पाहिला. सगळं विलायती संगीत वाजवतात म्हणे. एवढी मोठी वरात, पण नवरदेवच नाही! पुढे एक जण काडी हलवतो, मारत कोणालेच नाही. भूपेंद्र ट्रंपेट मांडीवर घेऊन बसतो, पाळी आली का वाजवतो. बसायचाही पगार! पोटभर जेवतो. देवरीत थंडी पडली काय? बँडच्या पोरांचे नवे कोट शिवले काय?

इथपर्यंत मी सांगितलं ते भूपेंद्रनंच लिहिलं. मग मी म्हटलं, "आता ओठाचं लिही."

"लिहिलं, आजी."

"वाचून दाखव."

वाचलं, तर त्यात ओठ कुठंच नाही. म्हणून आता शेजारची नीतू लिहून राहिली आहे.

पतिराम, वाजवून वाजवून त्याचा ओठ आतून फाटला आहे. भाजीत तिखट चालत नाही त्याले. परवा पाळी आली तेव्हा ट्रंपेट तोंडाले लावला, पण आवाज एकट्या बाजूवाल्याचा होता. बँडवाल्याची बायको होती मी, मले कळत नाही काय? सुट्टी मागितली तर आपल्या खुर्चीवर परदेशातला माणूस बसवतील, हे भेव आहे त्याले.

तूही असाच फाटक्या ओठानं लग्नं वाजवत राहिला, म्हणून ट्रंपेट सुटला अन् आज ढोल धरून आहेस. भूपेंद्र माझं ऐकत नाही. तू ये. रागावू नको, समजावू नको. फक्त त्याच्यासमोर एकदा ट्रंपेट वाजव. तुझ्या ओठातून आता किती आवाज निघते, ते त्याले ऐकू दे.

वाट पाहून राहिलेली,
तुझी आई