तापलं तर हाक मार

आये, आज तुला सांगायला बसले आहे आणि लिहून घेणारी समोर बसली आहे, माझी नात, माझ्या लेकाची मुलगी, तुझी पणती. हिला तू पाहिलं नाहीस. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं. म्हणजे जिचं पत्र तिला लिहिता येत नाही आणि जिला पत्र तिला वाचता येत नाही. मधल्या मधे या पोरीची बोटं दुखायची. मी 'हाय' म्हणते आणि ही 'आहे' लिहिते. असं का विचारलं, तर म्हणते वाचायला बरं दिसतं. कोण वाचणार आहे ते तिचं तिला ठाऊक. तुझ्या गालाबद्दल सांगायचं आहे. तुझ्या गालानं तुला फसवलं असं तू मरेपर्यंत म्हणत राहिलीस. ते खरं नव्हतं, एवढंच सांगायचं आहे. पण एकदम तिथे जाणं माझ्याच्यानं होणार नाही. जरा वळसा घालून येते.

घरात नवा लॅपटॉप आला आहे. टीव्ही तू पाहिला होतास, शेजारच्यांच्या दारात उभी राहून. तसाच पडदा, पण वहीसारखा मिटतो आणि पिशवीत मावतो. ही इमारतींची चित्रं काढायला शिकते आहे आणि त्या चित्रांना म्हणे फार ताकदीचं यंत्र लागतं. दुकानदारानं सांगितलंय, सात दिन के अंदर काही खोट निघाली तर बदलून देतो, आठव्या दिवशी ओळख दाखवणार नाही. म्हणून ही त्याची परीक्षा घेते आहे. मला हसू आलं. आमच्यात नवी सून आली की पहिल्या आठवड्यात तिच्याकडून इतकं पाणी भरून घ्यायचे, इतकं दळून घ्यायचे, की कुठे मोडत असेल तर आत्ताच मोडू दे. फरक इतकाच की सून परत घेणारं दुकान नव्हतं. मी त्याला हळदीकुंकू लावायला गेले तर ही मधे आडवी पडली. शेवटी खोक्याला लावलं. खोकं बिचारं पुण्यवान, काम करायचं नाही आणि पूजा मात्र झाली.

काल सकाळी तिनं परीक्षा लावली. पडद्यावर जंगल फिरत होतं, त्यात एक पक्षी उडत होता, आणि कोपऱ्यात एक आकडा. हिच्या लेखी मला काहीच येत नाही. अक्षर नाही, पोहणं नाही, लहान असताना सागरगोटे शिकव म्हणून मागे लागली होती तर तेही येत नाहीत म्हणाले. आकडे मात्र येतात, ते मला फोननं आणि गॅसवाल्यानं शिकवले. ती म्हणाली हा आतला ताप आहे, अर्धा तास याला असंच पळवायचं, नव्वदच्या पुढे जाऊन तिथेच राहतोय का ते बघायचं. मी हाताची मागची बाजू यंत्राला लावली आणि म्हटलं, ताप आहे. आकडा ब्याऐंशी होता. ती खूश झाली. म्हणाली, आजी, तुझा हात चांगला आहे. मग टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "तू बस इथे. तापलं तर हाक मार."

आये, ती आत गेली, कडी लागली, आणि मी खुर्चीवर तशीच बसून राहिले. हे शब्द मी याआधी एकदाच ऐकले आहेत. तू ऐकवले होतेस.

मग मी एक आगाऊपणा केला. ते बापडं टेबलाच्या उघड्या काचेवर ठेवलेलं मला बघवेना. दोन्ही हातांनी उचललं, तान्ह्या पोराला उचलतात तसं, आणि खाली माझी गोधडी चौघडी करून सारली. आतला पंखा घरघरायला लागला. आकडा नव्वदला गेला, त्र्याण्णवला गेला, पंच्याण्णव झाला. पक्षी उडता उडता अडखळायला लागला. मी हाक मारली. एकदा नाही, पाचदा मारली, घसा ताणून मारली, शेजारची गुजराती बाई दार उघडून "क्या हुआ माजी" विचारून गेली. आत नळ चालू, हिला काही ऐकू जाईना. तेव्हा मी उठले, माठातल्या पाण्यात रुमाल बुडवला, घट्ट पिळला, आणि जिथे जास्त भाजत होतं तिथे त्याची पट्टी ठेवली.

ही बाहेर आली ती केस निथळत. पट्टी बघून तिचा चेहराच उतरला. तिने आधी पट्टी उचलली, मग ते जंगल बंद केलं, मग यंत्र उचललं तर खाली गोधडी. मला वाटलं आता बोलणार. मी म्हटलं, अगं हात लावून बघ, गार झालंय ते. तिनं हात लावला, मग माझं बोट धरून आकड्यावर नेलं. तो अजून नव्वदच्या वर होता. म्हणाली, "वरून गार लागतंय, आजी. आत तसंच आहे."

नंतर तिने मला यंत्र उलटं करून दाखवलं. पोटाला बारीक बारीक फटी आहेत, तिथून ते श्वास घेतं. माझ्या गोधडीनं त्याचं नाक दाबलं होतं. तिनं ते कोरडं केलं, लोणच्याच्या बरण्यांची दोन झाकणं मागच्या बाजूला टेकू दिली आणि पुन्हा अर्धा तास पळवलं. ब्याऐंशीला जाऊन थांबलं. म्हणाली, हे बरोबर, याला एवढा ताप चालतो, पास झालं. मी पाहत होते, पण माझं लक्ष तिथे नव्हतं. वरून गार, आत तसंच. इतकी वर्षं मी ज्याला शब्द शोधत होते, ते ही पोर केस पुसता पुसता बोलून गेली.

आज म्हणाली, आता बटणं तपासायची आहेत, मराठी नीट उमटतंय का बघायचं आहे, काहीतरी सांग. मी म्हटलं, माझ्या आयेला लिही. ती म्हणाली, पणजीला? पत्ता काय टाकू? मी म्हटलं, गाव राई, मिठागराच्या बांधाजवळचं घर. ते घर आता नाही. मिठागरावरची माणसंही गेली. पण तू दुसरीकडे कुठे गेली असशील असं मला वाटत नाही.

तुझे तळहात मला आठवतात. मिठाच्या पाट्या उचलून उचलून त्यांची कातडी मेली होती. चुलीतला निखारा तू बोटांनी मागे सारायचीस. त्या हातांना ताप कळायचा नाही, म्हणून तू आम्हाला गाल लावायचीस. अंग जरा कोमट लागलं की वाकायचीस आणि गाल कपाळावर टेकवून डोळे मिटायचीस, कोणी आतून काही सांगतंय आणि तू ऐकते आहेस तशी. तुझ्या गालाला मिठाचा आणि घामाचा वास यायचा. मला ताप नसला तरी मी कण्हायची, तो गाल यावा म्हणून. तुला कळायचं. "नाटकं," म्हणायचीस, आणि तरी वाकायचीस.

त्या दिवशी धाकट्या भावाला ताप होता. तीन वर्षांचा होता तो, मी नऊची. मीठ ओढायचे दिवस, उन्हाळा संपत आलेला, बाबा आणि तू दोघांना जावंच लागत होतं. तू त्याला सावलीत निजवलंस, मडकं भरून ठेवलंस, तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा ओला करून त्याच्या कपाळावर ठेवलास आणि मला बजावलंस, पट्टी सुकू द्यायची नाही, सुकली की भिजवायची. दारातून वळलीस. "बांधावर ये नि मला हाक मार, जास्त तापला तर." बांध दिसत होता घरातून. हाक पोचली असती.

पट्टी मी सकाळभर बदलली, आये. ते खोटं नाही. दुपारी तो रडायचा थांबला आणि मला वाटलं बरं वाटतंय त्याला, म्हणून मी उठले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तू बांधावरून येताना दिसलीस, रिकामी पाटी उन्हासाठी डोक्यावर उपडी घातलेली. मी धावत आत आले. पट्टी वाळून कडक झाली होती, कपाळाला चिकटली होती. ती सोडवताना माझी बोटं भाजली. मी ती मडक्यात बुडवली, पिळलीसुद्धा नाही, थबथबती त्याच्या कपाळावर घातली, उलटी केली, पुन्हा बुडवली, पुन्हा घातली. तू दारात येईपर्यंत तीनदा.

तू पाटी ठेवलीस, पट्टी बाजूला केलीस, वाकलीस आणि गाल टेकवलास. डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "गार हाय. उतरला." माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, शाणी पोर म्हणालीस. सकाळपासून तुझ्या पोटात काही नव्हतं. तू चूल पेटवलीस, भाकरी टाकलीस, निवांत बसून खाल्लीस. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. त्याचं पोट माझ्या मांडीला लागत होतं आणि मांडी भाजत होती. मी तुझ्याकडे बघत होते. तू मला दोनदा विचारलंस, भूक नाही का. मी मान हलवली. एवढंच बोललो आपण.

मग त्याला आचके आले. तू त्याला खांद्यावर टाकून स्टेशनकडच्या डॉक्टरकडे निघालीस, मी मागे धावत. डॉक्टरच्या पायरीवर पोचेपर्यंत तो गार झाला होता. तो खरा गार. डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणायला हवं होतं. तू म्हणालीस, गालाला गार लागला हो. एवढंच परत परत म्हणत होतीस, डॉक्टरला, बाबांना, रडायला आलेल्या बायकांना. आणि प्रत्येकीला सांगायचीस, माझ्या पोरीनं दिसभर पट्टी सुकू दिली न्हाय, माझाच गाल मेला.

त्यानंतर तू कोणाला गाल लावला नाहीस. मला नाही, त्याच्या पाठीवर झालेल्या बहिणीला नाही, माझ्या लेकाला नाही. घरात कोणी तापलं की शेजारणीला बोलवायचीस, तू बघ म्हणायचीस, आणि आपण लांब उभी राहायचीस हात पदरात घेऊन. तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी तुझ्या कपाळाला गाल लावायला वाकले तर तू मला हातानं थांबवलंस. "गाल लावू नको. गाल फसवतो." खोलीत आपण दोघीच होतो. तेव्हा सांगायचं होतं. मी सरळ झाले आणि थर्मामीटर शोधायला गेले. तो कुठे होता ते मला माहीत होतं, तरी बराच वेळ शोधला.

तुझा गाल बरोबर होता, आये. त्याला जे लागलं तेच त्यानं सांगितलं. वरून मीच गार केलं होतं.

ही लिहायची थांबली आहे. मी विचारलं, बटणं बिघडली का, तर मानेनं नाही म्हणाली. मग विचारते, हे कुठे पाठवायचं. मी म्हटलं, कुठे पाठवायचं, मिट ते, उगाच तापेल. मिटायच्या आधी एवढं एक घे. मी आजवर मनाला सांगत आले की मला त्या दुपारी डुलकी लागली होती. नऊ वर्षांची पोर, उन्हाची वेळ, कोणीही समजून घेईल. डुलकी लागली नव्हती. बाहेर भेंडीच्या मोठ्या झाडाखाली शेजारच्या मुलीनं सागरगोट्यांचा डाव मांडला होता. ती नेहमी जिंकायची. त्या दुपारी माझ्या हातातून एकही गोटा पडत नव्हता. तो आतून पुन्हा रडला होता, दोनदा, बारीक आवाजात. मला ऐकू आलं होतं. मी जिंकत होते, आये.